डिस्काउंट ब्रोकर

डिस्काउंट ब्रोकर म्हणजे गुंतवणुकीचा वैयक्तिक सल्ला न देता समभागांच्या खरेदी-विक्रीची सुविधा अल्प दलालीत पुरवणारी संस्था होय. भारतात अशा संस्थांचे नियमन सेबी करते.

इतिहास

अमेरिकेत १ मे १९७५ रोजी ठरावीक दराच्या दलालीची सक्ती संपल्यानंतर हा व्यवसाय वाढला. भारतात २०१० मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या झिरोधामुळे ही पद्धत लोकप्रिय झाली.

शुल्क

डिलिव्हरी व्यवहारात खरेदी व विक्री या दोन्हींवर ०.१ टक्के रोखे व्यवहार कर आणि खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. हे दर सर्व ब्रोकरांकडे सारखेच असतात. दलाली, डीमॅट खात्याचे वार्षिक देखभाल शुल्क आणि विक्रीच्या वेळचे डीपी शुल्क मात्र संस्थेनुसार बदलते.

अधूनमधून होणारी गुंतवणूक

वर्षभरात केवळ ६,००० रुपयांचे समभाग घेणाऱ्यास ३०० रुपये देखभाल शुल्क पडल्यास त्या रकमेच्या ५ टक्के खर्च तेथेच होतो. अशा ग्राहकासाठी शून्य दलालीपेक्षा देखभाल शुल्क अधिक निर्णायक ठरते. १ सप्टेंबर २०२४ पासून मूलभूत सेवा डीमॅट खात्यात ४ लाख रुपयांपर्यंतच्या रोख्यांवर हे शुल्क आकारले जात नाही. मात्र त्यासाठी गुंतवणूकदाराच्या नावे एकच डीमॅट खाते असावे लागते. डीपी शुल्क सामान्यतः प्रत्येक कंपनीमागे दररोज एकदा लागत असल्याने थोडे थोडे समभाग वेगवेगळ्या दिवशी विकणे महाग पडते.

सुरक्षितता

समभाग एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत ग्राहकाच्या नावे नोंदलेले असतात. त्यामुळे ब्रोकर बंद पडला तरी त्यांवरील ग्राहकाची मालकी कायम राहते.