ट्रकच्या गव्हर्नरची कुळकथा

निवळी फाट्यावरून जाकादेवी, खंडाळा करत जयगडला येणारा रस्ता चढउतारांचा आणि वळणांचा आहे. रस्ता संपला की जेटी. तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवायची, तर ती इंच-इंच सरकवावी लागते. अशा वेळी इंजिन आपोआप रेस धरू लागलं किंवा पाय उचलताच बंद पडलं, तर ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागतो. ‘स्लो लागत नाही’, ‘गाडी हंटिंग करते’, ‘पिकअप नाही’ या तक्रारी जुन्या ट्रकवाल्यांच्या तोंडी कायमच्या आहेत. त्यांचा माग काढत गेलं की आपण डिझेल पंपाच्या मागच्या टोकाला बसवलेल्या गव्हर्नरपाशी पोचतो. या लहानशा डब्याचं कूळ फार जुनं आहे.

त्याचं मूळ घर पिठाच्या गिरणीत. युरोपातल्या पवनचक्क्यांत वारा वाढला की जात्याच्या पाळ्या भरभर फिरत, एकमेकींपासून दूर होत आणि पीठ जाडंभरडं पडे. त्यावर गिरणीवाल्यांनी फिरत्या दांड्याला लोंबते गोळे अडकवले. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि तरफेने पाळ्या पुन्हा जवळ आणत. 1787 मध्ये थॉमस मीडने अशा यंत्रणेचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या अल्बियन मिलमध्ये मॅथ्यू बोल्टनने हे गोळे पाहिले आणि भागीदार जेम्स वॉटला कळवलं. वॉटने ते वाफेच्या झडपेला जोडले. यंत्राने स्वतःचा वेग स्वतःच सांभाळण्याची ही युक्ती मला वाफेच्या इंजिनाइतकीच मोलाची वाटते, आणि तिचं श्रेय नाव-गाव न उरलेल्या गिरणीवाल्यांनाही आहे.

हंटिंगचा आजारही तेव्हापासूनचा. वेग वाढला की गव्हर्नर वाफ कमी करतो, पण जरा उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त. मग वेग पडतो, पुन्हा वाफ वाढते, आणि यंत्र वर-खाली होत राहतं. 1868 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने गव्हर्नरांवर निबंध लिहून हे डोलणं केव्हा शमेल आणि केव्हा वाढत जाईल, ते गणिताने दाखवलं.

डिझेल इंजिनाला तर गव्हर्नरवाचून चालतच नाही. त्यात हवा सहसा मोकळी येते. वेग ठरतो तो डिझेल किती सोडलं यावर. गाडी उभी असताना इंजिनावर ओझं नसतं. थेंबभर डिझेल जास्त गेलं की वेग वाढतो, आणि वेग वाढला की पंपाच्या प्रत्येक ठोक्याला सुटणारं डिझेलही थोडं वाढतं. कमी गेलं, की इंजिन बंद. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये ऑग्सबर्गला यशस्वी झालं, तरी ते ट्रकमध्ये रुळायला रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातला पंप यावा लागला. त्याचं नियमित उत्पादन 1927 मध्ये सुरू झालं. आपल्याकडे 1951 मध्ये मायको ही पंप बनवणारी कंपनी स्थापन झाली, आणि 1954 मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बांधायला घेतले. टाटा-मर्सिडीज आणि मायकोचा पंप ही जोडी मग गावोगावच्या मेकॅनिकच्या हाताखालून गेली.

त्या पिढीतल्या कित्येक पंपांवर गोळ्यांऐवजी न्यूमॅटिक गव्हर्नर असे. त्यात अॅक्सिलेटर थेट पंपाला जोडलेला नसतो. तो हवेच्या वाटेतली एक झडप फिरवतो. झडप मिटली की तिच्यामागे ओढ तयार होते, ती बारीक नळीतून पंपामागच्या डायफ्रामला खेचते, आणि डायफ्राम रॅकला, म्हणजे डिझेलचं माप ठरवणाऱ्या दांड्याला, कमी डिझेलकडे नेतो. झडप उघडली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. हा डायफ्राम पुष्कळदा चामड्याचा असे. तेल न मिळाल्यास तो वाळून कडक होतो, पुढे चिरतो. तो फाटला किंवा नळी गळू लागली की ओढ राहत नाही, स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलवर ढकलते आणि पाय काढला तरी इंजिन ओरडत राहतं.

म्हणून स्लोचा, म्हणजे इंजिनाच्या किमान वेगाचा, स्क्रू आधी फिरवणं मला पटत नाही. त्याने खरा दोष तात्पुरता झाकला जातो. आधी पाहावं, डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते का. टाकीपासून फीड पंपापर्यंत कुठे वॉशर दबलेला, पाइप चिरलेला असला, तर इंजिन अडखळतं. हँड प्रायमर मारून एअर काढली आणि काही वेळाने पुन्हा तेच झालं, तर गळती शोधायलाच हवी. मग फिल्टर. एअर क्लीनर जांभ्याच्या लाल धुळीने भरला की तोही डायफ्रामवरची ओढ बिघडवतो. खाडीच्या खाऱ्या हवेत अॅक्सिलेटरचे सांधे गंजून अडकतात, तेव्हा पेडल सोडल्यावर झडप पुरती मिटते का, ते बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहावं.

डायफ्रामची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना त्याची नळी काढायची, स्टॉपचा दांडा ओढून रॅक मागे न्यायचा, गव्हर्नरला नळी जिथे बसते त्या तोंडावर बोट दाबायचं आणि दांडा सोडायचा. रॅक अडखळत, हळूहळू परतला तर डायफ्राम ठीक. झटक्यात पूर्ण परतला तर गळका. एवढ्यानेही दोष सापडला नाही, तर पंप उतरवून कॅलिब्रेशनच्या टेबलावर न्यावा. कमाल वेगाच्या स्क्रूवरचं सील मात्र रस्त्यात कुणीही तोडू नये. इंजिन त्या मर्यादेपलीकडे धावलं, तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.