लिनक्सवरील रेसिंग व्हील व फोर्स फीडबॅक

मोटारशर्यतीच्या संगणक-खेळांसाठी बनवलेले, आत मोटर बसवलेले स्टिअरिंग म्हणजे रेसिंग व्हील. त्या मोटरच्या जोराने चालकाच्या हातांना रस्ता जाणवून देण्याची व्यवस्था म्हणजे फोर्स फीडबॅक. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचा विषय परका नाही. तेव्हाची टेल्को ही वाहनकंपनी १९६६ मध्ये पिंपरीत आली, फोक्सवागनचा चाकण कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तेव्हा तिथे तयार होणाऱ्या पोलो गाडीच्या नावाने २०१० पासून शर्यतमालिकाही भरू लागली. शर्यतीचे नावाजलेले ट्रॅक मात्र कोइमतूर, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टाई आणि ग्रेटर नोएडा इथे. गाड्या बनवणाऱ्या या गावांतल्या हौशी मुलाला ट्रॅकवरची गाडी हातात यायची, तर ती बहुधा घरातल्या टेबलावरच येते.

गाडी वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होऊ पाहते. पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन आणि टायरवर येणारा बाजूचा दाब यांतून हा पीळ तयार होतो. व्हील अलाइनमेंट करणाऱ्या कारागिराला तो नेमका ठाऊक असतो. टायरची पकड सुटू लागली की पीळ उतरतो, स्टिअरिंग हलके पडते, आणि गाडी घसरण्याआधी चालकाला इशारा मिळतो. खेळ हाच पीळ सेकंदाला शेकडो वेळा मोजून मोटरकडे पाठवतो. फोर्स फीडबॅकचे खरे मोल या इशाऱ्यात आहे. नुसत्या थरथरीला त्याची सर नाही.

लिनक्समध्ये हे काम कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, इनपुट विभागातून चालते. स्थिर जोर, स्प्रिंग, डॅम्पर, घर्षण, लहरी कंपन असे परिणाम तिथे ठरवून दिलेले आहेत. ते व्हीलच्या भाषेत उतरवणे ड्रायव्हरचे काम. अडचण इथेच येते. लॉजिटेकच्या जी२५, जी२७, जी२९ या व्हीलसाठी कर्नलमध्ये आधीपासून असलेला ड्रायव्हर फक्त स्थिर जोर आणि आपोआप मध्यावर येणे एवढेच जाणतो. बऱ्याच खेळांचे त्यावर भागते. स्प्रिंग, डॅम्पर वापरणाऱ्या खेळांत मात्र व्हील निर्जीव वाटते. तेव्हा ‘न्यू-एलजी४एफएफ’ हा स्वयंसेवकांनी लिहिलेला ड्रायव्हर बसवावा. थ्रस्टमास्टर टी३०० साठी ‘हिड-टीएमएफएफ२’, फनाटेकसाठी ‘हिड-फनाटेकएफएफ’ असे वेगळे ड्रायव्हर आहेत. ते डीकेएमएस पद्धतीने बसवले तर कर्नल बदलल्यावर आपोआप पुन्हा बांधले जातात. सिक्युअर बूट चालू असेल तर त्यांवर सही करावी लागते, नाहीतर कर्नल ते नाकारतो. मोझासारख्या कंपन्यांची डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर असलेली) व्हील यूएसबीच्या पीआयडी या सामाईक मानकावर चालतात. त्यांच्यासाठीचा ड्रायव्हर २०२५ मध्ये कर्नल ६.१५ मध्येच आला आणि वेगळे काही बसवण्याची गरज सरली.

जोडणी करताना आधी व्हीलचा स्वतंत्र वीज-अडॅप्टर लावावा; जी२९ नुसत्या यूएसबीवर जोर देत नाही. मग खेळ उघडण्याआधीच ‘एफएफटेस्ट’ या चाचणी-आज्ञेने परिणाम एकेक करून तपासावेत. इथे मोटर हलली नाही तर दोष खेळात शोधू नये, ड्रायव्हर किंवा युडेव्हने उपकरणाला दिलेल्या परवानग्या पाहाव्यात. ‘ओव्हरस्टिअर’ या प्रणालीतून फिरण्याचा कोन ठरवता येतो. जी२९ साठी तो ४० ते ९०० अंश. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ लिनक्सवर थेट चालतो, ‘असेट्टो कोर्सा’ला विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारा, २०१८ मध्ये आलेला प्रोटॉन लागतो. प्रोटॉनमध्ये व्हील दिसले पण जोर आला नाही, तर त्या खेळापुरती स्टीम या खेळमंचाची ‘स्टीम इनपुट’ सोय बंद करून पाहावी.

सर्वाधिक नुकसान होते ते जोर कमाल ठेवल्याने. मोटरची मर्यादा गाठली की त्यापुढचे सगळे धक्के सारखेच लागतात आणि पकड सुटण्याचा इशारा त्यात बुडून जातो. म्हणून खेळातला जोर आधी कमी ठेवावा आणि लांब, वेगवान वळणात फरक जाणवेल इतपतच वाढवावा.

नवे व्हील घेणाऱ्याने किंमत आणि पेडल पाहण्याआधी आपल्या कर्नलमध्ये त्या मॉडेलचा ड्रायव्हर आहे का, हे पाहावे. एकाच नावाच्या व्हीलच्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स आवृत्त्यांना वेगळे ड्रायव्हर लागू शकतात. जी९२३ घेताना खोक्यावरचे नाव नीट वाचावे.