माणसें आलीं कीं नुसतीं मडकीं?

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांत, जेथें कोलोरॅडो, युटा, अ‍ॅरिझोना व न्यू मेक्सिको या चार संस्थानांच्या सीमा एका बिंदूंत मिळतात, त्या प्रदेशांत उंच कड्यांच्या कपारींतून दगडी घरांचीं गांवें अजून उभीं आहेत. मेसा व्हर्डे येथील 'क्लिफ पॅलेस' या एकाच वस्तींत सुमारें १५० खोल्या आहेत. हीं घरें बांधणारे लोक मका, घेवडा व भोपळा पिकवीत, टर्की पक्षी पाळीत आणि किव्हा नांवाच्या, जमिनींत खोदलेल्या दालनांत धर्मविधि करीत. तेराव्या शतकाच्या अखेरीस हीं गांवें ओस पडलीं. एकोणिसाव्या शतकांत गोऱ्या लोकांनीं तीं पाहिलीं, तेव्हां हे लोक पृथ्वीवरून नाहींसे झाले अशीच समजूत रूढ झाली. समजूत सोयीची होती. कारण नाहींशा झालेल्या लोकांना वारस नसतात. वस्तुतः वारस शेजारींच होते. स्पॅनिश भाषेंत गांवाला प्वेब्लो म्हणतात. त्यावरून ज्यांना प्वेब्लो हें नांव पडलें, ते होपी, झुनी, तेवा इत्यादि लोक आपले पूर्वज कोठून कोठें फिरत आले याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. त्या ऐकण्याची कोणास गरज वाटली नाहीं, इतकेंच.

गांवें केव्हां ओस पडलीं, हें अखेर घरांच्या तुळयांनीं सांगितलें. ए. ई. डग्लस हे मूळचे खगोलज्ञ. झाडाच्या खोडांत दरसाल एक वलय वाढतें. पावसाच्या वर्षीं तें रुंद, अवर्षणाच्या वर्षीं अरुंद. आजच्या झाडांपासून जुन्या तुळयांपर्यंत वलयांचा क्रम जुळवीत डग्लस मागें मागें गेले, पण मध्यें एक दुवा तुटलेला होता. १९२९ सालीं अ‍ॅरिझोनांतील शो लो या गांवीं एक जळकी तुळई सांपडली आणि तो दुवा सांधला गेला. १२७६ पासून १२९९ पर्यंत या प्रदेशांत दीर्घ अवर्षण होतें, हेंहि वलयांनींच दाखविलें. दुष्काळ हें एकच कारण नव्हे. कांहीं ठिकाणीं कत्तलीच्याहि खुणा सांपडल्या आहेत.

निघालेले लोक गेले कोठें? त्याच सुमारास दक्षिणेकडील कांहीं गांवांतून उत्तरेच्या धर्तीचीं रंगीत भांडीं व घरें दिसूं लागतात. यावरून उत्तरेचे लोक तेथें आले असें म्हणावयाचें काय? भांडें अदलाबदलींत येतें. नुसतें पाहून त्याची नक्कलहि करतां येते. नवा धर्मपंथ निघाला कीं त्याचीं चिन्हें दूरवर पसरतात आणि त्यासाठीं एकाहि कुटुंबाला घर सोडावें लागत नाहीं. १९६० नंतर कांहीं काळ तर अमेरिकन पुराणवस्तुसंशोधकांना 'स्थलांतर' हा शब्दच आवडेनासा झाला. आधींच्या पिढीनें प्रत्येक नव्या मडक्यामागें एक नवी टोळी उभी केली होती, त्याची ही प्रतिक्रिया. दोन्ही भूमिकांत घाईच अधिक होती.

या घाईला अपवाद ठरलें तें पूर्व अ‍ॅरिझोनांतील पॉइंट ऑफ पाइन्स येथील काम. एमिल हौरी यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९४६ पासून उत्खनन चाललें आणि १९५८ सालीं त्यांनीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तेथें एक मोठें गांव पूर्वींपासून नांदत होतें. त्या गांवाच्या पोटांतच, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, सुमारें सत्तर खोल्यांची निराळी वस्ती उभी राहिली. तिचा किव्हा एका बाजूस सपाट व दुसऱ्या बाजूस वाटोळा. भांड्यांवरील नक्षी दोनशें मैलांहून अधिक दूर असलेल्या कायेन्टा प्रदेशाची. पण त्यांतील बरींच भांडीं स्थानिक मातीचीं. सारी मेख येथें आहे. भांडीं कायेन्टाहून आलीं असतीं तर व्यापार म्हणून भागलें असतें. माती येथली आणि हात तिकडचा, यावरून कुंभारणीच आल्या असें ठरतें. प्वेब्लो समाजांत मडकीं घडविणें हें प्रायः बायकांचें काम होतें. कोठारांतील मक्याचें वाणहि शेजाऱ्यांच्या मक्याहून निराळें निघालें.

हौरी यांनीं यावरून कसोट्या बसविल्या. परक्या गोष्टींचा सबंध जुडगा एकदम दिसला पाहिजे. त्यांतील कांहीं वस्तु स्थानिक द्रव्यांतून परक्या रीतीनें केलेल्या असाव्या. जेथें त्या नित्याच्या आहेत असा मूळ प्रदेश दाखवितां आला पाहिजे. आणि दोहोंकडील काळ जुळला पाहिजे. कायेन्टाकडील बेटाटाकिन या गांवांतील शेवटचें बांधकाम १२८६ च्या सुमाराचें आहे. काळ जुळतो.

या पाहुण्यांचा शेवट मात्र चांगला झाला नाहीं. १३०० च्या सुमारास त्यांची वस्ती जळाली. धान्य, भांडीं, घरसामान जागच्या जागीं राहिलें; शेजारच्या मूळ घरांना झळ लागली नाहीं. पुढें गांवाभोंवतीं तट उभारण्यांत आला. आग मूळच्या रहिवाशांनींच लावली, असा हौरी यांचा तर्क होता. तर्क कठोर आहे खरा. परंतु आगीची मर्यादा इतकी रेखीव आहे कीं तो सहज झटकतां येत नाहीं.

सर्वत्र असें घडलें नाहीं. दक्षिण अ‍ॅरिझोनांत सान पेद्रो नदीच्या खोऱ्यांत कायेन्टाहून आलेल्यांचे वंशज शंभराहून अधिक वर्षें टिकून राहिले. तेथें त्यांची ओळख पटते ती एका क्षुद्र वस्तूवरून: कांठाला भोकांची रांग असलेल्या उथळ मातीच्या थाळीवरून. ओलें मडकें घडवितांना तें तीवर ठेवावयाचें. अशा थाळीची नक्कल कोण कशाला करील? जेफ्री क्लार्क यांनीं २००१ सालीं याच विचाराला पद्धतशीर रूप दिलें. चारचौघांत मिरविण्याच्या वस्तूंची नक्कल होते. पण भिंत आंतून कशी भरावी, घराची मांडणी कशी असावी, हें लहानपणीं नकळत अंगवळणी पडतें आणि माणसाबरोबरच प्रवास करतें.

अर्थात् दोन्ही गोष्टी एकामागून एकहि घडतात. लाल, पांढऱ्या व काळ्या रंगांचीं 'सालादो' भांडीं प्रथम याच उत्तरेकडील कुंभारणींनीं केलेलीं दिसतात. चौदाव्या शतकांत तीं मूळच्या लोकांच्या घरींहि होऊं लागलीं. पॅट्रिशिया क्राउन यांनीं १९९४ सालीं त्यांवरील चिन्हांत एका नव्या, जातिभेद न मानणाऱ्या धर्मपंथाची खूण पाहिली. आधीं माणसें आलीं, मग त्यांचें अनुकरण झालें.

रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्याचें कोडें याच्या नेमकें उलट आहे. मेसा व्हर्डे ओस पडत असतांना तेथील लोकसंख्या वाढली, पण मेसा व्हर्डेच्या तऱ्हेचीं घरें वा भांडीं तेथें अपेक्षेप्रमाणें दिसत नाहींत. स्कॉट ऑर्टमन यांनीं २०१२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, तेवा भाषा बोलणारे लोक मेसा व्हर्डेकडूनच आले आणि त्यांनीं जुनी राहणी बुद्ध्याच टाकून दिली. तिच्या आठवणी भाषेंत तेवढ्या उरल्या. २०१७ सालीं टर्की पक्ष्यांच्या जुन्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासतां तेंहि या मताला पोषक निघालें. सर्वांना हें मान्य नाहीं. पण राहणी बदलणें माणसाला पाळीव पक्षी बदलण्याहून सोपें जातें, हें पटण्यासारखें आहे.

त्याला इतिहासकाळांतील दाखलाहि आहे. स्पॅनिश सत्तेविरुद्ध १६८० व १६९६ सालीं झालेल्या उठावांनंतर तेवांचा एक गट होपींच्या प्रदेशांत येऊन हानो या गांवीं राहिला. त्यांना होपी भाषा येते. होपींना तेवा कधींच येणार नाहीं, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. याच हानोंतील नाम्पेयो ही कुंभारीण १९४२ सालीं वारली. तिची कीर्ति झाली ती सिक्याट्की या उजाड होपी गांवच्या प्राचीन भांड्यांची नक्षी पुनरुज्जीवित केल्यामुळें. आई तेवा, भाषा तेवा, मडकें मात्र होपींच्या पूर्वजांचें! हजार वर्षांनीं कोणी तिचें घर खणलें तर तेथें तेवा राहत होते हें त्याला मडक्यांवरून कळणार नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. अमेरिकेंत १९९० सालीं झालेल्या कायद्यानें, संग्रहालयांतील अस्थि ज्या पूर्वजांच्या, त्यांच्या आजच्या वंशजांना त्या परत देण्याचें बंधन घातलें. मग वंशज कोण, हें ठरविणें आलेंच. तो कायदा अमेरिकेबाहेर लागू नाहीं. तथापि गुस्ताफ नॉर्डेनशेल्ड यानें १८९१ सालीं मेसा व्हर्डेहून खणून नेलेल्या आणि पुढें फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांत पोंचलेल्या वस्तूंपैकीं सुमारें २० व्यक्तींचे अवशेष त्या देशानें २०२० सालीं परत पाठविले. होपी, झुनी व इतर प्वेब्लो लोकांच्या प्रतिनिधींनीं ते मेसा व्हर्डेच्या भूमींत पुन्हां पुरले.