कॅब: घोड्याची की बोकडाची?

हिवाळी ऑलिम्पिकमधल्या स्नोबोर्डिंगचं समालोचन ऐकताना ‘कॅब ५४०’ कानावर पडलं, की मला आधी टॅक्सीच आठवते. पण या दोन कॅबची कुळं वेगळी. टॅक्सीवाली आली ‘कॅब्रिओले’ या हलक्या, उसळत धावणाऱ्या फ्रेंच घोडागाडीवरून. त्या नावाच्या मुळाशी आहे लॅटिन ‘कॅपर’, म्हणजे बोकड, आणि त्याची उडी.

बर्फावरची कॅब स्टीव्ह कॅबालेरोची. या अमेरिकी स्केटबोर्डपटूने १९८०च्या सुमारास उलट्या दिशेने रॅम्प चढत हवेत पूर्ण गिरकी घेतली. तिचं नाव पडलं ‘कॅबालेरियल’. स्पॅनिश ‘काबायेरो’ म्हणजे घोडेस्वार, मग सरदार आणि आता सद्गृहस्थ. स्पेनमध्ये पुरुषांच्या प्रसाधनगृहावरही हीच पाटी! मूळ लॅटिन ‘कबाल्लुस’, म्हणजे तट्टू.

स्नोबोर्डवाल्यांनी नाव छाटलं आणि अर्थही थोडा सरकवला. नेहमीचा मागचा पाय पुढे ठेवून, म्हणजे ‘स्विच’ घसरत येऊन, छाती उताराकडे वळवत घेतलेली गिरकी ती कॅब. शिकाऊ मंडळी ‘कॅब १८०’ने सुरुवात करतात, अर्धं वळण झालं, की पाय आपसूक सवयीच्या जागी येतात. पटाईतांची ‘कॅब १०८०’, म्हणजे पूर्ण तीन गिरक्या.