आटगावावरून गेलेलं यंत्र

भातसानगरच्या वसाहतीतून निघा आणि थेट जानेवारी १९६८मध्ये या. धरण शोधू नका, अजून उभंच राहिलेलं नाही. भातसा नदी मोकळी वाहतेय. झोडणी उरकलीय, खळ्यालगत पेंढ्याच्या उडव्या रचल्यात. अंगावर घोंगडी घ्या आणि आटगाव स्टेशन गाठा.

पहाट आहे असं समजा. घाट उतरून, कसाऱ्याकडून कलकत्त्याची गाडी येते आणि न थांबता धडधडत निघून जाते. तिच्यात एक जड यंत्र आहे, दोन ट्रॅकचा स्टिरिओ टेपरेकॉर्डर. मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत नुसतं मोनो यंत्र. म्हणून कंपनीचे भास्कर मेनन हे यंत्र रेल्वेनं घेऊन निघालेत. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनसाठी.

तुम्हीही चला मागोमाग फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवर. आधी चहा घ्या. आटगावजवळच्या तानसा तलावाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातंय, तेव्हा चव ओळखीची लागली तर नवल नाही.

आत चोवीस वर्षांचा हॅरिसन 'वंडरवॉल' सिनेमाच्या संगीतात गुंतलाय. त्या दिवसांत सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा. भिंती रस्त्याचा आवाज अडवत नाहीत. टॅक्सीचा भोंगा खुशाल टेपवर येतो. तुम्ही निदान खोकू नका. सिनेमाच्या कामातूनच एक वेगळी चाल ध्वनिमुद्रित होतेय: बासरी, सरोद, शहनाई, पखवाज, हार्मोनियम. गिटार नाही, ड्रम नाहीत, बाकीचे तिघे बीटल्सही नाहीत. तरी हे बीटल्सचंच गाणं, 'द इनर लाइट'.

शब्दांचं मूळ चिनी, 'ताओ ते चिंग'च्या ४७व्या अध्यायात. ते सुचवलं केंब्रिजच्या हुआन मास्कारो या संस्कृत पंडितानं. दाराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येतं, असा काहीसा अर्थ. (आणि त्यासाठी यंत्र कलकत्त्याहून, गायक लंडनहून!)

६ फेब्रुवारीला लंडनमध्ये हॅरिसन गायला उभा राहतो आणि बुजतो. सूर उंच आहे. बाकीच्या तिघांपैकी जॉन आणि पॉल त्याला धीर देतात. १५ मार्चला गाणं बाजारात येतं, पण 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला. हॅरिसनचं गाणं बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ही पहिलीच वेळ. तबकडी उलटायची तसदी किती जण घेणार?

परत आटगावला या. कसारा लोकल लागलीय. खिडकी मिळाली तर इअरफोन कानाला लावा. गाणं २ मिनिटं ३६ सेकंदांचं आहे; खर्डी यायच्या आत संपतं.