सत्तावनचं मतदान

द्विभाषिक मुंबई राज्याची निवडणूक १९५७ च्या सुरुवातीला झाली, तेव्हा गोळीबाराचं रक्त वाळलेलं नव्हतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी १५ माणसं पडली. १९५६ च्या जानेवारीत गिरणगाव पेटलं, तेव्हा आणखी कितीतरी. (हुतात्म्यांच्या यादीत कामगार किती, वाचून बघा.)

आपली माणसं तर दुहेरी कातरीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्म घेतला, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि पोरकेपण अंगावर असतानाच मतपेटी दारात. कायद्याच्या लेखी बौद्ध माणूस अनुसूचित जातीत बसत नव्हता. म्हंजे राखीव जागासुद्धा त्याची न्हाई! दिल्लीनं ही गाठ सोडवली १९९० साली.

तरी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर उभं राहिलं. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस आडवी झाली. गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या आकड्यांवर यशवंतराव चव्हाणांची खुर्ची तेवढी टिकली.

१ मे १९६० ला मराठी राज्य आलं. पण जमीन? तिच्यासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ त भूमिहीनांचा सत्याग्रह केला होता. राज्य आल्यावरही, १९६४ च्या डिसेंबरात, आपल्या बायाबापड्यांना पुन्हा तुरुंग भरावे लागले.