पाच गोलांची रात्र

माझं सासर बागबाजारचं, घर मोहन बागानचं. 1889 साली हा फुटबॉल क्लब जन्मला तोही याच उत्तर कोलकात्यात. 30 सप्टेंबर 1975 ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालने आमचा पाच-शून्य असा धुव्वा उडवला. त्यातले दोन गोल श्याम थापांचे. त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही, सासूबाई सांगत. खवळलेल्या समर्थकांच्या धास्तीने काही खेळाडूंनी रात्र गंगेत नावेवर काढली म्हणे. एका तरुण समर्थकाने तर जीव दिला.

ईस्ट बंगालने हात आखडता घ्यायला हवा होता, हे मला पटत नाही. तुल्यबळ संघावर दया दाखवणं हा त्याचा अपमानच. 2009 मध्ये आम्हीही त्यांना पाच गोल घातले, पाच-तीन. पंच्याहत्तर साली खिलाडूपणात कमी पडलो ते आम्ही, बघणारे.